‘दोनच मिनिटां’चा मुक्काम

सदाशिव पेठेतील आमच्या गल्लीची रुंदी किती असावी, हा प्रश्न तीस वर्षांच्या वास्तव्यात मला कधी पडला नव्हता. गेल्या पावसाळ्यातील एका पहाटे तो अकस्मात पुढे उभा राहिला. समोरच्या इमारतीत एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक राहतात. गल्लीतील लहानथोर त्यांना ‘मास्तर’ म्हणूनच ओळखतात. त्या पहाटे त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. मुलाने १०८ क्रमांकावर फोन केला आणि रुग्णवाहिका खरोखरच लवकर आली. पण ती आली गल्लीच्या तोंडापर्यंत. तेथून पुढे तिला तसूभरही सरकता येईना. दोन्ही अंगांना मोटारी आणि त्यांच्या मधल्या फटींत तिरक्या लावलेल्या दुचाकी. चालकाने भोंगा वाजविला, खिडक्या उघडल्या, “ही गाडी कोणाची हो?” असा पुकारा झाला, परंतु गाड्यांचे मालक गाढ झोपेत होते. अखेर मास्तरांना स्वयंपाकघरातील खुर्चीवर बसवून चौघांनी पावसातून उचलून नेले.

मास्तर बचावले आणि पंधरवड्याने घरीही आले. म्हणूनच हा प्रसंग आज थोड्या शांतपणे सांगता येतो. तथापि त्यातील एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. वाट अडविणाऱ्या त्या रांगेतील तिसरी मोटार माझी होती.

वाहने कोठेही उभी करण्याबद्दल तक्रार करीत नाही असा नागरिक आज पुण्यात सापडणे कठीण. ज्याच्या विरुद्ध तक्रार आहे तोही तक्रारदारच असतो. कचेरीला निघण्याच्या घाईत फाटक उघडावे, तो समोर कोणाची तरी मोटार आडवी. मालक शोधून काढावा, तर तो हातातला चहाचा पेला खाली न ठेवता म्हणतो, “अहो, दोनच मिनिटे!” ही दोन मिनिटे कोणत्याही घड्याळात मावत नाहीत. पदपथावर दुचाकींची रांग लागलेली असते, म्हणून म्हातारी माणसे भर रस्त्यातून चालतात आणि वाहनचालक त्यांनाच बाजूला होण्यासाठी भोंगा वाजवितात. घंटागाडी कोपऱ्यावरच थांबते. पोरे दप्तरे सावरीत रिक्षापर्यंत धावतात.

मग प्रतिकार सुरू होतो. आधी पाटी लागते: दारासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल. पाटीने भागले नाही तर खरोखरच हवा सोडली जाते. कोणी किल्लीने रंगावर रेघ ओढून ठेवतो. कोणी जुने टायर, फुटक्या कुंड्या वा दगड मांडून सार्वजनिक रस्त्याचा तुकडा स्वतःच्या नावे राखून ठेवतो आणि तो हलविला की आपलीच जमीन बळकावल्याच्या आवेशात भांडावयास येतो. ज्या दोन घरांत वर्षानुवर्षे पुरणपोळीची ताटे येत-जात होती, ती घरे पाच-सहा फूट जागेवरून अबोला धरतात. संक्रांतीला तिळगूळ देण्यापुरतेही तोंड उघडत नाही. वाहनतळाच्या प्रश्नाची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविली जात नाही.

वाडे गेले, मोटारी आल्या

हे सारे केवळ माणसांचा स्वभाव बिघडल्यामुळे झाले, असे मानणे सोपे आहे. पण ते खरे नाही. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. पेठांतील गल्ल्या माणसे, गुरे आणि फार तर एखादा टांगा यांच्या बेताने आखलेल्या. वाड्याला दिंडी दरवाजा होता, आत चौक होता. जे वाहन असेल ते आत जाई. वाडे पडले आणि त्यांच्या जागी चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. एका वाड्यातील मोजक्या बिऱ्हाडांच्या जागी वीस-पंचवीस सदनिका आल्या. गल्ली मात्र होती तेवढीच राहिली. इमारतीखाली खांबांवर मोकळा सोडलेला तळमजला वाहनांसाठी म्हणून नकाशात दाखविलेला असतो. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी तेथे दुकान, गुदाम किंवा अडगळ दिसते.

या तळमजल्याबाबत कायदा संदिग्ध राहिलेला नाही. दहिसर येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला, की १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली खांबांखालील वाहनतळ ही सर्व सदनिकाधारकांची सामाईक जागा असून विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही अशा जागांचे वाटप संस्थेने करावे, आणि वाहने अधिक व जागा कमी असतील तेथे चिठ्ठ्या टाकून वर्षापुरते करावे, अशी तरतूद आहे. परंतु पहिला सभासद जेथे मोटार लावतो ती जागा त्याची वडिलोपार्जित होते आणि उशिरा आलेल्याला रस्त्याचा आश्रय घ्यावा लागतो.

रस्त्यासाठीही नियम आहेत. वाहन पदपथावर, वळणावर, बसथांब्याजवळ, शाळा वा इस्पितळाच्या प्रवेशद्वाराशी, दुसऱ्या उभ्या वाहनाला लागून किंवा कोणाच्या दारासमोर उभे करू नये, असे मोटार वाहनविषयक नियमावलीत १९८९ पासूनच सांगितलेले आहे. रस्त्यांवर सम-विषम तारखांच्या पाट्या आहेत. पण वाहतूक पोलीस चौकात असतो, गल्लीत नसतो. आणि जेथे पोलीस नाही तेथे नियमही नाही, अशी आपली नागरिकशास्त्राची समजूत आहे.

जागेचा हिशेब

एका मोटारीस उभे राहण्यासाठी साधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांतील कुटुंबासाठी घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलेले होते. म्हणजे दोन मोटारी आणि त्यांना वळावयास थोडी जागा मिळून एका गरीब कुटुंबाचा सारा संसार मावतो. अर्धा तास जाण्यात आणि अर्धा तास येण्यात वापरली जाणारी मोटार दिवसाचे उरलेले तेवीस तास नुसती उभी असते. तिच्या या मुक्कामाचे भाडे कोण देतो? मालक देत नाही, हे उघड आहे. ते पायी चालणारा देतो, बसच्या रांगेतला देतो, आणि प्रसंगी खुर्चीवर बसवून नेला जाणारा रुग्ण देतो. अमेरिकेतील नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. फुकट वाहनतळ कधीच फुकट नसतो, ज्याच्यापाशी मोटार नाही त्यालाही त्याचा खर्च सोसावा लागतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

आपल्याकडे मात्र मोटार घेताना हा खर्च कोणाच्या ध्यानात येत नाही. हप्ता किती, विमा किती, इंधनाला किती लागेल, हे आपण विचारतो. नारळ फोडतो, हार घालतो, पेढे वाटतो. रात्री ती उभी कोठे राहणार, हे ना विक्रेता विचारतो ना घेणारा. जपानने १९६२ साली कायदाच केला, की मोटार ठेवावयास राहत्या घराच्या आसपास जागा असल्याचे सिद्ध केल्याशिवाय तिची नोंदणी होणार नाही. आज हे अंतर दोन किलोमीटरपर्यंत धरले जाते आणि पोलीस ठाण्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२१ मध्ये, पुरेशी जागा नसताना एकेका कुटुंबास चार-चार, पाच-पाच मोटारी ठेवू देऊ नयेत, असे मत व्यक्त केले होते. मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी जागेच्या दाखल्याशिवाय नोंदणी न करण्याचा मानस बोलून दाखविला.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की दाखल्याचा कायदा झाला तर दाखले विकत मिळू लागतील. दुसरा असा, की वेळेवर बस मिळत नाही म्हणूनच उपनगरातील कारकून कर्ज काढून वाहन घेतो. त्याला गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. पुणे महानगरपालिकेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले, तेव्हा रस्त्यावरील जागेला शुल्क लावण्यास जो विरोध झाला त्यात हाही सूर होता. ते धोरण मोजक्या रस्त्यांपुरते ठेवण्याचे ठरले आणि पुढे रेंगाळले. चांगली बससेवा हे शासनाचे देणे आहेच; ते मागितलेच पाहिजे. परंतु शासन आपले देणे देत नाही म्हणून मी शेजाऱ्याचे दार अडवावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. मोटार ही माझी खाजगी मालमत्ता असेल, तर तिला ठेवण्याची जबाबदारीही माझीच आहे.

त्या पहाटेनंतर आम्ही काहीजणांनी टेप लावून गल्ली मोजली. ती पंधरा फूट भरली. दोन बाजूंच्या दोन मोटारी अकरा फूट खातात आणि उरतात चार. रुग्णवाहिकेस सुमारे सात फूट लागतात. हे त्रैराशिकाचेही गणित नव्हे, साधी वजाबाकी आहे. पण ती करावयास आम्हाला तीस वर्षे आणि एक दुखणे लागले. एक बाजू कायमची मोकळी ठेवावी आणि प्रत्येक वाहनाच्या काचेवर मालकाचा दूरध्वनी क्रमांक लावावा, असे ठरले. सर्वांनी ते मानले असे नाही. एका घराशी बोलणे अजून बंद आहे. दोन मोटारी मात्र गल्लीतून गेल्या. त्यांतील एक माझी. आता ती दहा मिनिटांच्या अंतरावर भाड्याच्या जागेत उभी असते. ते भाडे दरमहा खिशाला जाणवते, आणि पावसात तेथवर चालत जाताना मनाला चडफड होते, हे कबूल केले पाहिजे.

मास्तर हल्ली संध्याकाळी काठी टेकीत गल्लीत फेरी मारतात. परवा थांबून म्हणाले, “काय हो, तुमची गाडी दिसत नाही अलीकडे. विकलीत की काय?”

“नाही मास्तर, जरा लांब लावतो.”

“बरे करता. चालणे प्रकृतीला चांगले,” एवढेच बोलून ते मोकळ्या बाजूने पुढे निघून गेले.