लाल विंचू, रक्तदाबाची गोळी आणि महाडचा दवाखाना

विंचू चावल्यावर जो बोंब ठोकतो, तो सहसा वाचतो. डॉक्टरांना घोर लागतो तो दुसऱ्याच रोग्याचा: अंग घामाने निथळतंय, उलट्या होतायत, हातपाय बर्फासारखे गार पडलेत आणि दंशाच्या जागी म्हणावं तर फारसं दुखतही नाही. कोकणातल्या लाल विंचवाची ही खूण डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून टिपली.

१९७६ साली ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं नि लहान मुलं दगावत होती. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवता ठेवता आजाराचा क्रम उलगडत गेला. विषामुळे शरीरातल्या अॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांना उधाण येतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदयावर ताण येतो. पुढे हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, तोंडातून गुलाबी फेस येतो. या धोक्याच्या पूर्वखुणांवरचा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

निदानातूनच उपचाराची दिशा मिळाली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध बाजारात होतंच. स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. अतिदक्षता विभाग नसलेल्या गावातही देता येण्याजोगी. मात्रा वजनाप्रमाणे, किलोला ३० मायक्रोग्रॅम. हातपाय ऊबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनी द्यायची. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यानंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

पण ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करताना जपून राहावं लागतं. मधल्या काळात रस्ते होतात, रोगी लवकर पोचू लागतो, डॉक्टरांचा हात बसतो. सुधारणेचं श्रेय नेमकं कोणाचं, हे कळायला एकाच काळातले, एकसारखे रोगी दोन गटांत घ्यावे लागतात. आणि कोण कुठल्या गटात जाणार, ते डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवावं लागतं.

विंचवाची प्रतिविष लस मिळू लागल्यावर महाडात नेमकं हेच झालं. गंभीर लक्षणांच्या ७० रोग्यांचे दोन गट केले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत लक्षणं पूर्ण ओसरली ती पहिल्या गटात ८ जणांची, दुसऱ्यात ३२ जणांची. बरं व्हायला लागणारा सरासरी वेळ सुमारे १८ तासांवरून ८ तासांवर आला. हा अभ्यास २०११ साली ‘बीएमजे’मध्ये छापून आला.

त्याला मर्यादा आहेत. केंद्र एकच, रोगी मोजके, आणि कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तरी त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. ज्या गोळीने बावस्करांचं नाव जगभर पोचलं, तीच त्यांनी तराजूत घातली आणि ती एकटी कमी पडते हा निकाल स्वतःच्या नावाने छापला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावात नोंदवही, रक्तदाबाचं यंत्र आणि आपलंच म्हणणं पारखून बघायची तयारी एवढ्यावर अव्वल संशोधन होऊ शकतं, हे त्याआधीच महाडने दाखवून दिलं होतं.