उडता राजपुत्र खेळात घ्यावा का?

सापशिडी तुम्ही सगळेच खेळता. शिडीशी पोचलेली सोंगटी मधली घरे न चालता एकदम वर जाते. पण शिडी कोठे असावी हे पट ठरवतो, खेळाडू नव्हे. म्हणूनच खेळात रंगत राहते.

आता पटाचे बंधन जवळजवळ नसलेला एक खेळ पाहू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण गोष्टीतले एक पात्र होतो, एक जण सूत्रधार होतो, आणि यश की अपयश हे फासे टाकून ठरते. यातल्या मांत्रिकाला उडण्याची, किंवा येथे गुप्त होऊन तेथे प्रकट होण्याची विद्या मिळू शकते.

घोटाळा होतो तो येथेच. समजा, सूत्रधाराने आपल्या पवनीचा किल्ला मांडला: खंदक, तट, दरवाजा, पलीकडे पूर आलेली वैनगंगा. तिघे जण नाव शोधताहेत, आणि चौथा पठ्ठ्या म्हणतो, "मी उडून आत गेलो!" बाकीच्यांनी काय माशा मारायच्या? वैतागलेला सूत्रधार मग ती विद्याच बंद करतो. मला हे पटत नाही. विद्या राहू द्यावी, पण तिची किंमत लावावी. आणि ती किती, हे भौतिकशास्त्राला विचारावे.

हवेत नुसते तरंगायचे तरी हवा सतत खाली ढकलावी लागते. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला २ मीटर व्यासाच्या आदर्श पंख्याने तरंगत ठेवायला सुमारे ४ किलोवॅट, म्हणजे ५ अश्वशक्ती लागते. धडधाकट माणूस बराच वेळ काम करू शकतो ते पाव अश्वशक्तीच्या आसपास! तेवढ्याच वजनाचा मित्र पाठीवर घेतला, तर त्याच पंख्याला दुप्पट नव्हे, सुमारे २.८ पट शक्ती लागेल. तेव्हा उडणाऱ्याने एकट्याने, क्षणभर उडावे, धापा टाकत तटाआड उतरावे आणि इतरांसाठी आतून दरवाजा उघडावा. पहारेकरी जागे असतीलच.

गुप्त होण्याची गंमत याहून मोठी. पृथ्वीच्या परिवलनामुळे पवनी पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४३५ मीटर वेगाने जात आहे, आणि आपणही. जडत्वामुळे हा वेग उडीतही आपल्याबरोबर येणार. जवळजवळ सरळ उत्तरेला असलेल्या भंडाऱ्याचा वेग सेकंदाला फक्त १ मीटरने कमी आहे. तेथे प्रकट झालात तर नुसते अडखळाल. पण त्याच दिशेला दूर असलेल्या नैनितालचा वेग सुमारे ४०५ मीटर. तेथे तुम्ही ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे फेकले जाल! पश्चिमेची उडी तर त्याहून वाईट. पृथ्वी गोल असल्याने पवनीची आडवी 'पूर्व' मुंबईत जमिनीच्या आत रोखलेली असते. तेथे प्रकट होताच तुम्ही ताशी सुमारे १७५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटाल.

म्हणजे नियम आयता मिळाला: जवळची उडी स्वस्त, लांबची जिवावरची. आणि पवनीहून पूर्वेला, रायपूरला उडी मारली तर काय होईल? पृथ्वीचा गोल हातात घेऊन तुम्हीच पाहा.