नम्रता मोजायची कशी? वारीतल्या एका नमस्कारापासून सुरुवात



मागच्या आषाढात पालखी आमच्या भागातून गेली, तेव्हा आम्ही घरचे सगळे वारकऱ्यांना चहा द्यायला रस्त्यावर उभे होतो. ताईने माझ्या आठ वर्षांच्या भाचीला बजावलं होतं, "सगळ्यांच्या पाया पडायचं." ती एका आजोबांपुढे वाकली. ते "माउली" म्हणाले आणि उलट तेच तिच्या पायांपर्यंत वाकले. ती गडबडून मागेच सरकली.

दुसऱ्या दिवशी जिना झाडणाऱ्या मावशी आल्या. भाचीने विचारलं, "मामा, यांच्याही पाया पडायचं का?" घरात कोणीच पटकन उत्तर दिलं नाही. मीसुद्धा नाही.

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, हा माझा विषय नव्हे. पण पेटची तयारी करताना "संशोधन समस्या कशी निवडायची?" असं तुमच्यापैकी अनेकजण विचारतात, म्हणून हेच उदाहरण घेऊ.

१. प्रश्न लहान करा

"वारकरी संस्कारांनी मुलं नम्र होतात का?" हा विषय भाषणाला चांगला, पण प्रबंधाला नाही. संस्कार म्हणजे नेमकं काय? दिंडीत चालणं, टाळ घेऊन मोठ्यांच्या रांगेत उभं राहणं, की पंढरपूरच्या महाद्वारातल्या नामदेव पायरीची गोष्ट ऐकणं? (भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरीशी जागा मागितली, अशी ती आख्यायिका.) की १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी राहून शिकणं? यातली एकच गोष्ट निवडा. आपण निवडू: एकमेकांच्या पाया पडण्याची पद्धत.

२. कार्यात्मक व्याख्या करा

आता नम्रता मोजायची कशी? प्रश्नावली दिली आणि "मी नम्र आहे" यापुढे मुलाने "पूर्ण सहमत" अशी खूण केली, तर त्याला नम्र म्हणाल का? खरा नम्र मुलगा कदाचित "माहीत नाही" म्हणेल. शिवाय चांगलं दिसावं म्हणून उत्तर देण्याची ओढ सगळ्यांनाच असते. ही ओढ तपासण्यासाठी क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ विधानांची मापनश्रेणी मांडली होती. म्हणजे अडचण जुनीच आहे.

मग नमस्कार मोजू? तेही पुरेसं नाही. आईने डोळे वटारल्यावर वाकणारं मूल आज्ञाधारक असतं. आज्ञाधारकपणा आणि नम्रता बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून दोन्ही वेगळे करणारी खूण शोधावी लागते.

ती खूण त्या आजोबांनीच दाखवली. घरात नमस्कार खालून वर जातो, लहानाकडून मोठ्याकडे. वारीत तो दोन्ही दिशांनी जातो. त्यामुळे "किती वेळा वाकला" याऐवजी "कोणापुढे वाकला, कोणी सांगितल्यावर वाकला" ही नोंद घ्या. जिच्याकडून काही मिळणार नाही, जी शिक्षाही करू शकत नाही, अशा व्यक्तीशी मूल कसं वागतं? आमची कार्यात्मक व्याख्या इथे सुरू होते.

३. विरुद्ध पुरावा आधी शोधा

आपल्याला आवडणाऱ्या परंपरेवर काम करताना ही पायरी हमखास राहते. इरावती कर्वे वारीत स्वतः चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. एकाच दिंडीत सोबत चालणारे, सोबत गाणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगळे बसत, हे त्यांनी नोंदवलं आणि ते त्यांना खटकलंही. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. पायरीची गोष्ट तर त्याआधी कितीतरी पिढ्या मुलांना सांगितली जात होती. म्हणजे रस्त्यावरचा नमस्कार पंगतीपर्यंत आपोआप पोचत नाही. तो कधी पोचतो आणि कधी नाही, हा संशोधनाचा खरा प्रश्न.

४. तुलना आणि संमती

वारीला जाणारी मुलं जास्त नम्र आढळली, तरी श्रेय लगेच वारीला देऊ नका. मुलांना वारीला नेणारी घरं आधीपासूनच वेगळी असू शकतात. म्हणून त्याच मुलांचं निरीक्षण वारीआधी आणि वारीनंतर काही महिन्यांनी करा, आणि न गेलेल्या मुलांचा गटही ठेवा. पालकांची लेखी संमती हवीच, पण मुलालाही त्याला समजेल अशा शब्दांत विचारा. त्याने "नको" म्हटलं तर तिथेच थांबा.

तुमच्यासाठी सराव: आठवडाभर आपल्याच घरात बघा. कोण कोणाला "अहो" म्हणतं, कोण कोणाला "ए"? चूक झाल्यावर मोठी माणसं लहानांना "चुकलं माझं" म्हणतात का? फक्त नोंद करा, निष्कर्ष नंतर.

मी हा सराव केला. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: जिना झाडणाऱ्या मावशींचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा, खिडकीत ठेवलेला असतो. इतकी वर्षं तो मला दिसत होता, पण नोंद पहिल्यांदा झाली. आता तो कप बाकीच्या कपांत ठेवलाय. भाचीने विचारलं, "आता कोणता त्यांचा?" म्हटलं, "हाताला येईल तो."

तुमच्या नोंदी जरूर कळवा. पुढच्या लेखात गृहीतक कसं लिहायचं ते बघू.