संवत्सरफल आणि दाभोळचा वीजकरार (लेखांक ६)

गुढीपाडव्याला पंचांगातील संवत्सरफल ऐकण्याची प्रथा ही एका अर्थाने वार्षिक आर्थिक अंदाज ऐकण्याचीच प्रथा आहे, कारण पाऊस, पीक, धान्याचे भाव आणि राज्यकर्त्यांची स्थिती यांची भाकिते त्यात एकत्र येतात. चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या वाराचा अधिपती ग्रह वर्षाचा राजा, सूर्याच्या मेषप्रवेशाच्या वाराचा अधिपती मंत्री आणि आर्द्राप्रवेशाच्या वाराचा अधिपती मेघेश मानला जातो. व्यक्तीऐवजी राष्ट्राचे भविष्य पाहणाऱ्या या शाखेला मेदिनीय ज्योतिष म्हणतात. गुहागर आणि सांगोला येथील पावसात कित्येक पटींचा फरक असला, तरी मेघेश दोन्हीकडे एकच असतो.

भाकीत खोटे ठरणे हा दोष नव्हे; ते कशाने खोटे ठरेल हे आधी सांगितलेले नसणे हा खरा दोष होय. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यातून घेतलेल्या चाचणीत ही अट घातली गेली, आणि हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिका वेगळ्या ओळखताना २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्या आसपासच राहिले.

सरकारच्या आर्थिक योजनाही भाकितांवरच उभ्या असतात, मात्र त्यांची गृहीतके तपासता येतात. १९९१ च्या परकीय चलन संकटानंतर वीजनिर्मिती खासगी भांडवलाला खुली झाली, आणि त्यातून दाभोळच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प आला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये जो वीजखरेदी करार केला, त्याच्या मुळाशी विजेची मागणी वेगाने वाढत राहील, हे एकच मोठे भाकीत होते. करारातील दराचे दोन भाग होते : इंधनावर अवलंबून असणारा बदलता आकार आणि वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा स्थिर आकार. मागणी अपेक्षेपेक्षा कमी राहिली, की हाच स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाई आणि प्रत्येक युनिट महाग होई. त्यात डॉलरशी बांधलेली देणी आणि महागलेले नाफ्था हे इंधन यांची भर पडून २००० साली विजेचा दर काही महिने युनिटमागे सात रुपयांच्याही वर गेला. महाग म्हणून मंडळ वीज कमी घेई आणि कमी घेतली म्हणून ती आणखी महाग पडे.

यावरचा राजकीय वाद मात्र या गणितापर्यंत क्वचितच पोहोचला. १९९५ च्या प्रचारात एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्टमध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच, जानेवारी १९९६ मध्ये, त्याहून मोठ्या प्रकल्पाला नव्या अटींवर मान्यता दिली. प्रकल्पाविरुद्ध उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांना लाठ्या आणि अटका सोसाव्या लागल्या, पण ज्या अंदाजावर त्यांची जमीन घेतली गेली तो अंदाज त्यांच्यापुढे कधीच मोकळेपणाने मांडला गेला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब आहे. जागतिक बँकेने १९९३ मध्येच प्रकल्प आर्थिकदृष्ट्या न परवडणारा ठरवून कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने १९९५ मध्ये आकडेमोड करून हाच धोका दाखवला होता. मे २००१ मध्ये संच बंद पडले, त्याच्या आदल्याच महिन्यात माधव गोडबोले समितीने आपल्या अहवालात मागणीच्या त्या अंदाजावर बोट ठेवले होते.