तीन कंपन्या आणि एक दिवा

आई रात्री दोन-तीनदा उठते. बाथरूमकडे जाताना मध्ये एक पायरी आहे. ती अंधारात धडपडू नये म्हणून सुदामानगरच्या आमच्या घरात मी हालचाल ओळखणारा सेन्सर, वाय-फाय बल्ब आणि स्मार्ट स्पीकर बसवला. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, सेलमध्ये घेतलेले. मागच्या पावसाळ्यात एका रात्री इंटरनेट गेलं, दिवा लागलाच नाही आणि आई पायरीवरून घसरली. गुडघ्याच्या सुजेवर निभावलं. पण "इंजिनिअरच्या घरात साधा दिवा लागत नाही होय रे?" हे तिचं वाक्य मला चांगलंच लागलं.

चूक माझीच होती. सेन्सर बोलतो झिग्बीवर, बल्ब वाय-फायवर. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाही. म्हणून सेन्सरचा निरोप आधी त्याच्या कंपनीच्या सर्व्हरला, तिथून स्पीकरवाल्यांकडे, मग बल्बच्या कंपनीकडे आणि तिथून परत घरी! दहा फुटांसाठी एवढा प्रवास, तोही सगळा इंटरनेटच्या भरवशावर.

मग एका सुट्टीत छोट्या रास्पबेरी पाय संगणकावर 'होम असिस्टंट' हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याला झिग्बीचा यूएसबी डोंगल जोडला. स्मार्ट बल्ब काढून साधा एलईडी लावला. कारण आई सवयीने भिंतीवरचं बटण बंद करायची आणि स्मार्ट बल्बची वीजच जायची. इलेक्ट्रिशियनकडून बटणामागे झिग्बी रिले बसवून घेतला. आता सेन्सरनेही दिवा लागतो आणि बटणानेही. निरोप घरातल्या घरात फिरतो. संगणक इन्व्हर्टरवर ठेवलाय.

कंपन्यांनाही ही अडचण कळली. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गुगल यांनी 2019 मध्ये एकत्र येऊन काम सुरू केलं आणि 2022 मध्ये 'मॅटर' हे समान मानक आलं. नवीन वस्तू घेताना खोक्यावर मॅटरचं चिन्ह बघा. इंटरनेट नसताना ती चालते का, हे विचारा. आणि भिंतीवरचं बटण कधीही निकामी करू नका.

परवा राउटर बंद करून मी आईला म्हटलं, "जाऊन बघ." दिवा लागला. आई म्हणाली, "बरं झालं. आता देवघरातलं बघ."