गाडीतला हरवलेला ‘अर्थ’

बेळगावहून आंबोलीचा घाट उतरायचा, सावंतवाडीवरून शिरोडा, रेडी करत तेरेखोल गाठायचे आणि फेरीबोटीने नदी ओलांडून पेडणे तालुक्यातल्या केरीला उतरायचे, ही वाट आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांच्या ओळखीची आहे. (चोर्ला घाटाच्या पायथ्याशी लागते ते सत्तरीतले केरी वेगळे. दोन केऱ्यांच्या गोंधळात पाहुणे भलतीकडे गेल्याचे किस्से घरोघरी आहेत.) धक्क्यावर बोटीची वाट पाहताना इंजिन बंद करायचे असते. बोट लागते, पुढच्या गाड्या हलतात आणि आपली वीस वर्षांची गाडी चावी फिरवताच नुसते ‘टक्’ करते. मागून हॉर्न. नवरा म्हणतो ‘चालू होईना’, बायको माहेरच्या बोलीत ‘चालू आगवल्दु’, धक्क्यावरचा कोणी ‘चालू जायना’. दुखणे एकच आणि त्यावरचा सल्लाही बहुधा एकच मिळतो : ‘बॅटरी गेली, नवी घाला.’

हा सल्ला काही हजार रुपयांचा असतो आणि पुष्कळदा चुकीचा. गंमत अशी, की नवी बॅटरी घातल्यावर गाडी सुरू होते. कारण ती बसवताना दोन्ही टर्मिनल खरवडून पुन्हा घट्ट आवळली जातात. गुण सफाईचा, नाव मात्र बॅटरीचे!

मारुती ८०० आणि अँबेसडर यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनी तर त्याआधीच गेली. पण या गाड्या जपून वापरणारी घरे अजून आहेत. त्यांच्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे कान. चावी फिरवल्यावर काही आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही नाहीत, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा टर्मिनल सुटले आहे. दिवे लख्ख, पण आवाज नाही, तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहावी. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरीत दम नाही, किंवा तो दम पुढे पोचत नाही. ‘घुंई’ करून सेल्फ एकटाच फिरतो, इंजिन ढिम्म, तर बेंडिक्सचे दात अडकत नाहीत. आणि सेल्फ इंजिन जोमाने फिरवत असेल, तरी गाडी पेटत नसेल, तर सेल्फ आणि बॅटरी दोघेही निर्दोष. कॉइल, पॉइंट किंवा पेट्रोलकडे वळावे. अशा वेळी सेल्फ मारत राहणारे लोक चांगली बॅटरी हाताने उतरवतात.

सर्वांत फसवा तो एकच ‘टक्’. त्यासाठी हेडलाइट लावा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूला उभे करून दिव्यांकडे पाहायला सांगा. चावी फिरवताच दिवे मालवल्यासारखे झाले, तर वीज कमी पडते आहे. दिवे तसेच राहिले, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही किंवा सेल्फच्या आत सोलेनॉइड अथवा कार्बन झिजले आहेत. एवढ्या एका चाचणीने अर्धा खर्च वाचतो.

आता खरा मुद्दा. गॅरेजवाला म्हणतो, ‘अर्थ नाही’; कन्नड मिस्त्री म्हणतो, ‘अर्थ इल्ल’. दोन्ही भाषांत ऐकणाऱ्याला वाटते, बोलण्यात काही अर्थ नाही! पण त्याला म्हणायचे असते ते इंग्रजी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकापासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी परतीची वाट. अधिकची जाड वायर सगळे तपासतात. परतीची वायर किंवा विणलेली पट्टी मात्र खाली, चिखल-पाण्यात, रंगलेल्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. तिच्याकडे कुणी पाहत नाही. त्यात समुद्राकाठची खारी, दमट हवा. तांब्यावर हिरवी पूड धरते, बोल्टखाली गंज शिरतो. वायर बाहेरून धडधाकट दिसते.

मग दिवे का लागतात? कारण डॅशबोर्डच्या बारीक दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. लहान गाडीचा सेल्फ सहज शंभर अँपिअर ओढतो. सांध्यात अवघा दोन शतांश ओहम रोध आला, तर शंभर अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. दिव्याला त्याची खबर नाही. सेल्फ मात्र उपाशी.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेले, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२ म्हणजे जवळजवळ रिकामे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळाले पाहिजेत. नाहीतर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहा. पुढची चाचणी अर्थची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, गाडी पेटू नये म्हणून कॉइलची बारीक वायर सोडलेली. मीटरची एक पिन बॅटरीच्या वजा खुंटीवर (क्लिपवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर ठीक. एक-दोन व्होल्ट दाखवले, तर चोर सापडला. मग क्लिप, वायर, बोल्ट असे एकेक पाऊल पुढे जात तो नेमका कुठे आहे ते कळते. अधिकच्या बाजूलाही असेच, खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत.

दुरुस्तीला लागते काय? कोमट पाण्यात खाण्याचा सोडा (बॅटरीच्या तोंडांत जाता कामा नये), तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि वर चोपडायला व्हॅसलीन. वजा टर्मिनल आधी सोडायचे आणि शेवटी जोडायचे. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. पाना आणि बांगडी मिळून शॉर्ट झाली तर भाजते फार.

आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीची आणखी एक तक्रार असते, ती म्हणजे उभ्या उभ्या बॅटरी उतरण्याची. डिकीचा विझत नसलेला दिवा किंवा नंतर बसवलेला टेप अर्धा अँपिअर खात राहिला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत झोपते.

धक्क्यावर अडकल्यावर दोन पथ्ये मात्र जिवाशी संबंधित आहेत. उतारावर, पाण्याच्या दिशेने गाडी ढकलून धक्कास्टार्ट करू नये. आधी ती सपाटीवर घ्यावी, मगच दुसरा गिअर. आणि कुणी उत्साही मनुष्य स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करू लागला, तर गिअर न्यूट्रलला आहे ना हे आपण स्वतः पाहावे. गाडी गिअरमध्ये असली तर पुढच्या माणसावर उडी घेते. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना वजा वायरचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला नव्हे, तर दूर इंजिनाच्या धातूला लावावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला, तेव्हापासून हँडल मारण्याची पाळी हळूहळू गेली. आपल्याकडे अँबेसडरवाल्यांनी ते हँडल बरीच वर्षे डिकीत जपले. आता त्या जागी दहा नंबरचा पाना, तारेचा ब्रश आणि स्वस्तातला मीटर ठेवला तरी चालेल. पावसाळ्याआधी एकदा आणि किनाऱ्यावरून परतल्यावर एकदा, अर्थचा बोल्ट सोडून घासून पुन्हा आवळायला फार तर अर्धा तास लागतो.