चुना, वास आणि अठरा टक्के

मूर्तिजापूरकडे कपाशी-सोयाबीनच्या पेरणीआधी शेतकरी डीएपीचे दाणे चुन्यासोबत तळहातावर तंबाखूसारखे मळून पाहतात. उग्र वास आला की खत खरे! चुना आम्लारिधर्मी; तो अमोनियम क्षारातून अमोनिया मुक्त करतो. सुपर फॉस्फेटमध्ये नायट्रोजनच नाही, म्हणून वासही नाही.

पण निम्मी भेसळ असली तरी वास येतोच. नायट्रोजन 18 टक्के, म्हणजे 50 किलोच्या पोत्यात 9 किलो, आहे का हे अमरावतीच्या खत नियंत्रण प्रयोगशाळेत समजते. क्रिया तीच, फक्त मोजून: खत अल्कासह उकळतात, अमोनिया ठरावीक आम्लात शोषतात आणि उरलेले आम्ल अनुमापनाने काढतात. आम्ही वर्गात नवसागर, चुना आणि ओला तांबडा लिटमस एवढ्यावर भागवतो. लिटमस निळा होतो. टक्का मात्र सांगत नाही.